खांद्यावरचं काजळ

कल्याणच्या पोलीस ठाण्यातली एक केस माझ्या मनातून अजून जात नाही. परवा नात म्हणाली, "आजी, किती पातळ झालेत गं तुझे केस! माजिवड्याला एक सेंटर आहे. डोक्याला ट्रीटमेंट देतात, केस येतात." मी म्हटलं, "या वयात केस येऊन काय करू? परेडला जाऊ?" ती हसली. मला मात्र त्या केसमधली पोरगी आठवली.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो वारल्यावर त्याच्या जागी मला नोकरीत घेतलं आणि मी हवालदार म्हणून निवृत्त झाले. बायकांचे जबाब माझ्याकडे असायचे. ते दिवस चांगले होते. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी आणि लाकडी बाकावर बसून पितळी डब्यातली भाजी-भाकरी. ठाण्यात येणारं माणूस आधी रडायचं, मग बोलायचं. मी रडू द्यायची.

खबर दिली रेल्वे स्टेशनबाहेरच्या गजरेवालीनं. "बाई, टिटवाळ्याची एक पोरगी रोज माझ्याकडून गजरा न्यायची. महिना झाला, डोक्याला स्कार्फ बांधून जाते. काल विचारलं तर रडली. केसांच्या सेंटरवालीनं डोकं खराब केलं म्हणते. लग्न ठरलंय हो तिचं."

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं आणि ठाण्यात आणलं. स्कार्फ सोडला तर तळहाताएवढी जागा उघडी, खपल्या आणि पू. पण फिर्यादीवर सही करीना.

"सही केली की सासरी कळणार मॅडम. लग्न मोडेल."

"आणि नाही केलीस तर? त्यांच्या घरी डोक्यावरून न्हाणार नाहीस का?"

ती म्हणाली, "दोन दिवस द्या."

तोवर आम्ही सेंटरवर गेलो. मालकीण शांत होती. तिनं फोटोंचा अल्बम पुढे ठेवला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. "एवढ्या बायकांना गुण आला. हिलाच कसा नाही? हिचंच काहीतरी असेल." आमच्या तरुण साहेबांनी अल्बममधल्या तीन बायकांना फोन केले. तिघीही म्हणाल्या, "हो, केस आले." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, फोटो खरे आहेत. बायकाही खऱ्या आहेत. केस कच्ची आहे."

दुपारी मी अल्बम घेऊन बसले. केस नाही बघितले, बायका बघितल्या. आधीच्या फोटोत बहुतेकींच्या अंगावर पुढून उघडणारा गाऊन. चार-पाच जणींच्या खांद्यावर काळा डाग. एकीचा डाग पुसल्यासारखा, एकीचा ताजा. असा डाग माझ्या साड्यांवर वर्षभर होता. बाळ खांद्यावर झोपलं की त्याच्या डोळ्यांतलं काजळ लागतं.

मी त्याच तिघींना परत फोन लावला. एकच प्रश्न विचारला, सेंटरला गेलात तेव्हा बाळ केवढं होतं? चार महिन्यांचं. तीन. चार.

"साहेब, या बाळंतिणी आहेत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि वर्षभरात आपले आपण येतात. माझे दोन्ही वेळा आले. खोबरेल सोडून काही लावलं नव्हतं."

साहेबांचं लग्न व्हायचं होतं. म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकाचं मला विचारू नका. न्हाणीघरात आहे."

मालकिणीला चौकशीला बोलावलं. विचारलं, गिऱ्हाईकं कोण पाठवतं? म्हणाली, बाळांना न्हाऊ घालणारी बाई. मला वाटलं होतं ही लबाड असेल. तशी नव्हती. "माझी मुलगी झाली तेव्हा माझेही गेले होते. हेच औषध लावलं आणि आले. मी कुणाला फसवलं नाही हो."

"या पोरीच्या डोक्यात पू दिसला, तेव्हा काय केलंत?"

ती म्हणाली, "वाटलं, आतली घाण बाहेर पडतेय. म्हणून तेच औषध जास्त लावलं. जोरात घासलं."

ते वाक्य मी जबाबात तसंच उतरवून घेतलं. केस त्यावरच उभी राहिली.

सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीच्या डोक्यात नायटा होता. धुण्या-चोळण्यानं कोंडा, मळ निघतो, खाज थांबते, बरं वाटतं. पण केस कशानं गळतात ते आधी बघायला हवं. नायट्याला औषध लागतं, घासणं नाही. पोरीनं विचारलं, "येतील ना परत?" ते म्हणाले, "बहुतेक येतील. मूळ मेलं असेल तिथे नाही."

तिसऱ्या दिवशी पोरगी सही करायला आली. बरोबर होणारा नवरा. तिनं स्वतःच त्याला स्कार्फ सोडून दाखवलं होतं. तो मला म्हणाला, "मावशी, माझ्या बाबांना पूर्ण टक्कल आहे. आईनं सोडलं का त्यांना?" पोरगी महिन्यात पहिल्यांदा हसली असेल. पुढे मालकिणीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. सेंटर बंद झालं.

या केसनं मला एक शिकवलं. खोटं बोलणारा माणूस चौकशीत सापडतो. स्वतःच्या अनुभवावर आंधळा विश्वास असलेला सापडत नाही, कारण तो खरंच बोलत असतो. त्याला काय दिसलं हे विचारून भागत नाही. त्याला काय दिसलं नाही, ते आपण शोधायचं.

नातीला म्हटलं, डोकं स्वच्छ करायचं असेल तर खुशाल जा. केस हवे असतील तर आधी डॉक्टरला दाखव.

ती पोरगी दोन वर्षांनी ठाण्यात भेटायला आली होती. कडेवर बाळ, केसांत गजरा. रुपयाएवढी जागा तशीच राहिली होती, ती गजऱ्याखाली झाकलेली. टेकायच्या आधीच म्हणाली, "मावशी, परत गळायला लागलेत हो. मूठ मूठ येतात हातात. काय लावू?"

मी तिच्या खांद्याकडे बोट दाखवलं. तिनं मान वळवून तो काळा डाग बघितला आणि बाकावर बसून पोटभर हसली.