मी फक्त मळून देत होतो

आमची पलटण ग्लेशियरवर चढली तेव्हा मी नाईक होतो. नोकरीला तेरा वर्षे झाली होती. पोस्टची उंची अठरा हजार फुटांच्या वर. आम्ही अकरा जण. फायबरच्या दोन झोपड्या, रेडिओ सेट, रॉकेलचे स्टोव्ह. बाकी सगळा बर्फ. पोस्टचे नाव सांगत नाही.

ही हकिकत लिहितो आहे, कारण आमच्या निपाणीच्या चर्चमध्ये ती दरवर्षी चुकीची सांगितली जाते. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की पाळकसाहेब मला पुढे बोलावतात. मंडळीला सांगतात, या माणसाने बर्फात चाळीस दिवस तोंडात तंबाखू घेतली नाही आणि आजतागायत घेतलेली नाही. मोह कसा जिंकावा ते यांच्याकडून शिका. मागच्या वर्षी मी साक्ष न देताच उतरलो आणि बाहेर गेलो. पाळकसाहेब मागून आले. आवारात आमचे भांडण झाले. माझा आवाज मोठा आहे, रस्त्यापर्यंत गेला. लोक म्हणाले, शमुवेल पुन्हा तापला. तापलो होतो. कशासाठी ते कोणी विचारले नाही.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी मी वखारीत पोती ओढत होतो आणि तेव्हापासून तंबाखू खात होतो. मला कोणी काही फुकट दिले नाही. जे मिळवले ते घासाघीस करून मिळवले. फौजेतही तेच. दोन उकडलेल्या अंड्यांवर पहाटेची सेंट्री ड्युटी बदलून घेणारा माणूस मीच. आज निपाणीत जुने पंप आणि इंजिने विकतो. गिऱ्हाईक मला ओळखून आहे.

त्या वर्षी मी देवाशीही सौदा केला. माझ्या बायकोचे दोन गर्भ पडले होते. तिसऱ्या खेपेला आम्ही वर चढलो तेव्हा तिला सातवा महिना होता. मी शब्द दिला, हे मूल जगू दे, उपासाचे चाळीस दिवस तंबाखू तोंडात घालणार नाही. पाळकसाहेबांनी सॅटेलाइट फोनवर सांगितले की रविवार त्यात धरत नाहीत, त्या दिवशी सूट असते. मी म्हटले, मला सूट नको. नंतर देवाने बोट दाखवायला जागा नको.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. त्या उंचीवर भूक मरते, झोप मरते, तल्लफ मात्र मरत नाही. माझे हात आपोआप हलायचे. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरायचा, तळव्यात काही नसताना. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात आले की शब्द तोंडाचा दिला आहे. हाताचा दिलेला नाही.

माझा बडी होता शिपाई परशुराम. पोस्टवर दोघा-दोघांची जोडी असते, बाहेर पाऊल टाकायचे तर बडीला रोप बांधून, तोच हा बडी. परशुराम बेळगावजवळच्या सांबऱ्याचा, चोवीस वर्षांचा, तालमीत वाढलेला. खांदे रुंद, मान बैलासारखी, बोलणे हळू. विडी, तंबाखू, दारू, कशालाही शिवलेला नव्हता. मला अण्णा म्हणायचा.

मी त्याला विचारले, तुला चिमूटभर मळून देऊ का.

"अण्णा, मी खात न्हाय. वस्ताद मारंल."

"वस्ताद हितं अठरा हजार फुटांवर येतोय व्हय रं?"

तो हसला. मी म्हटले, अंगात ऊब येते. खरे तर काही येत नाही. मी चुना लावून तंबाखू मळली, अंगठ्याने दाबून दाबून मळली, टाळी देऊन धूळ उडवली. तो वास माझ्या नाकात गेला आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझे डोके शांत झाले. चिमूट मी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती माझ्याकडे बघत ओठाखाली धरली. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मळली. तो म्हणाला, तुमचं मन ऱ्हातंय म्हणून घेतो.

दोन आठवड्यांत तो स्वतःहून मागू लागला.

मी माझी पिशवी त्याच्या स्वाधीन केली, म्हणजे तंबाखू माझी राहिली नाही. निपाणीला धाकट्या भावाला फोनवर सांगितले की पुढचे पार्सल परशुरामच्या नावाने पाठव. परशुराम ते ऐकत होता. म्हणाला, "अण्णा, तुमच्या देवाला ह्ये कळत न्हाय व्हय?"

मी म्हटले, "मी खातोय का? न्हाय. मी फक्त मळून देतोय. मग झालं."

दिवसातून सहा-सात वेळा मी त्याला मळून द्यायचो. रात्री हात नाकाशी धरून झोपायचो.

सव्विसाव्या दिवशी पिशवी संपली. हवा बिघडली होती, हेलिकॉप्टर येत नव्हते. परशुरामचे डोके दुखायचे. कुस्तीत कधी कोणावर न चिडलेला पोरगा स्टोव्हच्या पिनवरून कुकशी भांडला. मीही सगळ्यांवर ओरडत होतो. सुभेदार साहेब, आमचे पोस्ट कमांडर, म्हणाले की तुम्ही दोघे नवरा-बायकोसारखे रुसलात काय. सगळे हसले. मला राग आला. त्या पाच दिवसांत मी परशुरामला किती वेळा म्हटले असेन की हवा उघडली की पहिल्या ड्रॉपमध्ये आपले पार्सल येईल. आपले म्हणायचो.

एकतिसाव्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होते. ०८४० ला बेसवरून सेटवर निरोप आला, हेलिकॉप्टर निघाले आहे, मेल बॅग आहे. ०९२५ ला ड्रॉप झाला. रॉकेलचे कॅन आणि रेशन जागेवर पडले. मेल बॅग टप्पा खाऊन पश्चिमेच्या उतारावर घसरली आणि लाल झेंड्यांच्या पलीकडे जाऊन थांबली.

झेंड्या म्हणजे काय ते सांगतो. ग्लेशियरमध्ये खोल भेगा असतात. आम्ही त्यांना क्रेव्हास म्हणतो. वर बर्फाची पातळ साय धरते, त्यामुळे भेग दिसत नाही. काठीने टोचून, रोप बांधून जेवढी वाट तपासली जाते तेवढ्याच वाटेवर झेंड्या लावतात. झेंड्यांच्या आत माणूस चालतो. बाहेर कोणी जात नाही.

सुभेदार साहेबांनी सगळ्यांना फॉल-इन करून सांगितले, "मेल बॅग राहू दे. उद्या रोप पार्टी जाईल. झेंड्यांच्या बाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही."

१००० ते १२०० माझी सेंट्री ड्युटी होती. मोर्च्यातून, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकातून, ती बॅग दिसत होती, हिरवी, अर्धी बर्फात रुतलेली. मी दुर्बिणीने शत्रूच्या बाजूला बघायचे. मी बॅगकडे बघत होतो.

१११५ ला परशुराम आला. बुटांना क्रॅम्पनचे खिळे, हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड, आइस अॅक्स. रोप नव्हता. बाकीचे झोपडीमागे रॉकेलचे कॅन ओढत होते.

"अण्णा, साठ पावलं हाईत. जाऊन येतो."

सेंट्रीचे काम त्याला अडवायचे. एक शब्द पुरला असता. मी हुकूम दिला असता तर तो मागे फिरला असता, तो तसाच पोरगा होता. मी म्हटले, "उद्या हवा बिघडली तर बॅग गेली बघ." मग म्हटले, "मी तिकडं बघत न्हाय."

तो गेला.

बघत नाही म्हटले होते, पण मी बघत होतो. पावले मोजत होतो. शेवटच्या झेंडीपासून तो सरळ गेला, अॅक्सने पुढे टोचत. छत्तीस, सदतीस, अडतीस. एकोणचाळिसाव्या पावलाला तो खाली गेला. ओरडला नाही. बर्फात माणूस मावेल एवढे भोक दिसत होते, इतकेच.

मोर्च्यातल्या सेटवर मी सुभेदार साहेबांशी बोललो ते असे.

"एक जवान क्रेव्हासमध्ये. ओव्हर."

"कोण?"

"परशुराम."

"रोप होता?"

"नाही, साहेब."

सुभेदार साहेब म्हणाले, "रॉजर."

रोप पार्टीत आम्ही चौघे गेलो. ११४० ला मी भोकाच्या काठावर पालथा पडलो होतो. दोघे माझे पाय धरून होते. खाली निळा अंधार. तीसेक फुटांवर भेग अरुंद होत गेली होती आणि तो छातीपाशी अडकला होता. रुंद खांद्यांमुळे अडकला. सडपातळ असता तर कदाचित आणखी खाली गेला असता, किंवा निघाला असता. हे मी नंतर फार वेळा मोजून पाहिले आहे.

आम्ही रोप सोडला. त्याचा एक हात मोकळा होता, पण बोटे वळत नव्हती. आमच्यातला सर्वांत बारीक शिपाई रोपवर खाली उतरवला. त्याचा हात परशुरामपासून दीड हात अंतरावर थांबला. त्यापुढे जागा नव्हती. आम्ही बर्फ फोडायला लागलो, तर फोडलेला बर्फ त्याच्याच डोक्यावर पडायला लागला. सुभेदार साहेबांनी थांबवले. बेसवरून रेस्क्यू टीम निघाली होती. त्यांना चार तास लागणार होते.

मी त्याच्याशी बोलत राहिलो. तो शुद्धीवर होता. म्हणाला, पाय कळंनात. म्हणाला, लई तहान लागलीया. मी म्हटले, टीम येतेय, झोपू नकोस. कुस्त्यांचे विचारले, सांबऱ्याच्या जत्रेत कोणाला चीत केलेस ते विचारले. त्याने दोन नावे सांगितली. तिसरे आठवेना.

मग म्हणाला, "अण्णा, आप्पास्नी सांगा, हुकमानं गेलतो म्हणून."

"व्हय. सांगतो."

"तंबाखूचं बोलू नका."

"न्हाय बोलत."

१३३४ नंतर त्याने उत्तर दिले नाही. टीम १५५० ला पोहोचली. त्याला वर काढायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली. मेल बॅग त्याच सकाळी आणली होती. ती पलीकडे पक्क्या बर्फावर पडली होती.

इन्क्वायरीला एक कॅप्टन साहेब आले. मला चार प्रश्न विचारले. शेवटचा होता, "पार्सल कोणाचं होतं?" मी म्हटले, "साहेब, त्याच्या नावाचं होतं." ते खरेच होते. त्यांनी लिहून घेतले की जवान स्वतःच्या वैयक्तिक पार्सलसाठी, आदेश मोडून, सेंट्रीची नजर चुकवून गेला. मी खाली सही केली.

अडतिसाव्या दिवशी निरोप आला की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सुभेदार साहेबांनी सगळ्यांना दुधाच्या पावडरीचा शिरा करायला लावला. मी तो खाल्ला. चाळीस दिवस पुरे झाले. माझा शब्द मी मोडला नाही.

देवाशी माझा दावा इथे आहे. त्याला सौदा मान्य नव्हता तर त्याने मोडायचा होता. मला तंबाखूचे एक पान तोंडात घालू द्यायचे होते. मी पापी ठरलो असतो आणि परशुराम सांबऱ्यात बायको-पोरांत असता. दुसऱ्याला अडखळण होणाऱ्या माणसाविषयी शास्त्रात काय लिहिले आहे ते मला माहीत आहे, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे. ते वाचले जाते तेव्हा माझ्याकडे कोणीही बघत नाही. मुलगी आता दहावीत आहे. तिला माझा लळा आहे. ती मिठी मारते तेव्हा मी काही तरी काम काढून उठतो. तिने आता मिठी मारणे कमी केले आहे.

पाळकसाहेबांशी भांडण झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेळगावची बस धरली आणि तिथून सांबऱ्याला गेलो. दरवर्षी त्याच्या तिथीला जातोच. या वेळी तिथी नव्हती. आप्पा, म्हणजे परशुरामचे वडील, सोप्यात बसून दोरी वळत होते. आता त्यांना कमी दिसते. मी परशुरामला दिलेला शब्द मोडला. सगळे सांगितले. तंबाखू माझी होती, पार्सल माझे होते, मी अडवू शकत होतो, अडवले नाही. बोलून झाल्यावर मी त्यांच्या पायाशी बसलो. शिवी द्या, मारा, माफ करा, काहीही करा, अशी माझी तयारी होती.

आप्पा दोरी वळायचे थांबले.

"आमचा परशा तंबाखू खात नव्हता," ते म्हणाले. "तालमीतला पोरगा. तुमी दुसऱ्याच कुणाचं तरी सांगालायसा."

"आप्पा, मीच त्याला लावली."

"न्हाय. त्यो हुकमानं गेलता. तुमीच सांगिटलं हुतं."

माझा तोल गेला. मी म्हाताऱ्या माणसावर ओरडलो की मी खोटे बोलतोय काय, मला काय मिळणार आहे त्यात. आतून त्यांच्या थोरल्या मुलाची बायको बाहेर आली. आप्पांनी तिला हाताने परत पाठवले आणि मला म्हणाले, "हळू बोला. आनि जेवून जावा."

मी जेवलो. जेवताना त्यांनी पावसाचे विचारले, माझ्या मुलीच्या शाळेचे विचारले. तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला तरी आता निघणार नाही, हे मला कळले. माफी देऊ शकणारे दोघेच होते. एक बर्फात गेला आणि दुसऱ्याच्या घरात माझ्या पापाला जागाच नाही.

परतताना मी तालमीवरून गेलो. तिथे त्याचा फोटो लावला आहे, वर्दीतला, हार घातलेला. वस्ताद आता थकले आहेत, पण मातीच्या कडेला बसून नव्या पोरांना अजून त्याचे नाव सांगतात. शिपाई परशुराम, सांबरा, देशासाठी गेला, पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. त्यांनी मला ओळखले आणि विचारले, व्हय की न्हाय ओ, तुमी तर बरूबर हुता.

मी व्हय म्हटले. माझी गाठ पडेपर्यंत ते खरे होते.