ताईच्या खोलीचा उंबरा

त्या गोदामात सामान ठेवायला आलेलं माणूस आधी मालकांच्या ऑफिसात जायचं आणि तिथून सुटलं की फळीमामाच्या तावडीत सापडायचं.

"जमिनीवर काही टेकवायचं नाही. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वरून प्लास्टिक. पण प्लास्टिक गच्च आवळायचं नाही, आत घाम सुटतो."

"मामा, सामान ठेवतोय, म्हैस नाही बांधत," एखादा वैतागून म्हणायचा.

"म्हैस भिजली तर वाळते तरी. तुमची गादी वाळायची नाही."

या फळ्यांपायीच त्याला हे नाव पडलं होतं. खरं नाव पगाराच्या दिवशी मालकांना आठवायचं, तेवढंच. गोदाम म्हणजे एक लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती घालून केलेल्या खोल्या. घर बदलणारे, परदेशी जाणारे, भांडून वेगळे झालेले, अशा सगळ्यांचं सामान तिथे भाड्यानं राहायचं. पत्र्याच्या भिंती छतापर्यंत नव्हत्या. वरच्या मोकळ्या जागेत जाळी होती आणि दर्शनी बाजूला शटर.

मामाची उमेदीची वर्षं नळकामात गेली होती. लोकांच्या मोऱ्या, टाक्या, गळके सांधे. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तो इथे राखणीला लागला. पाणी आणि पाहुणा कुठून येईल याचा नेम नाही, असं तो म्हणायचा, आणि रोज सकाळी भिंतींच्या मुळाशी हात फिरवत बोळाचं एक टोक ते दुसरं टोक करायचा.

बोळाच्या मधोमध एक खोली त्याच्या ताईची होती.

आई गेली तेव्हा ताईनं शाळा सोडली आणि त्याला शाळेत घातलं. त्याचं डोकं विंचरण्यापासून त्याचं लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पुढे त्याची बायको गेली, मग भाऊजी गेले. ताईच्या मुलानं तिला आपल्याकडे नेलं. तिचं भाड्याचं घर मोकळं झालं आणि तिचा सगळा संसार या खोलीत येऊन उभा राहिला. मुलाकडे ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. सून वाईट नव्हती. पण धुतलेला कप कुठे ठेवायचा हेही विचारावं लागायचं, आणि विचारून विचारून ताई निम्मी झाली होती. एखादी लहानशी खोली घ्यायची आणि आपला संसार पुन्हा मांडायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

दर रविवारी ती गोदामात यायची. मामा शटर वर करून द्यायचा. ती स्टुलावर बसायची, मग उठून कपाट पुसायची. भाऊजी सुतार होते. कपाट त्यांनी लग्नानंतर केलं होतं, एकही खिळा न मारता, नुसत्या खाचा आणि खुंट्यांवर. आत तिच्या गोधड्या, स्वेटर, मुलाचं बाळपणीचं अंगडं, आणि खालच्या खणात भाऊजींचे फोटो.

"बाळ्या, याला काही होणार नाही ना रे?"

"माझ्या जिवात जीव आहे तोवर एक थेंब लागणार नाही."

एका वर्षी पावसाचं पाणी रस्त्यावरून थेट गोदामाच्या फाटकापर्यंत आलं. आत आलं नाही, उतरलं. पण मामाची झोप उडाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मामाचं तर पोळलंही नव्हतं, तरी तो फुंकू लागला. ताईच्या दारात सिमेंटचा उंबरा घालू का, म्हणून त्यानं मालकांना विचारलं.

"मामा, जमिनीला हात लावायचा नाही," मालक म्हणाले. "प्रत्येक खोलीला बोळाकडे उतार काढलाय. पाणी कुठूनही येवो, ते वाहून मधल्या गटारात गेलं पाहिजे."

मामानं मान हलवली. उतार काढणारा इंजिनिअर काम करून घरी गेला, पुराच्या वेळी तो थोडाच येणार होता. सुट्टीच्या दिवशी मामानं सिमेंट आणलं आणि वीतभर उंच उंबरा घातला, फक्त ताईच्या खोलीला. पत्र्याच्या भिंती जमिनीला जिथे टेकतात तिथल्या फटीही सिलिकॉननं भरून टाकल्या. मालकांनी विचारलं तेव्हा शटर नीट बसावं म्हणून केलं, असं सांगून मोकळा झाला. फळ्यांचाही थर वाढवावा असं त्याला वाटलं होतं. पण कपाट उंच, वर लोखंडी तुळई आडवी येत होती. फळ्या चार बोटंच राहिल्या. उंबरा आहे की, असं म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला.

शेवटी ताईला खोली मिळाली. एक खोली, मोरी आणि पेरूच्या झाडाकडे उघडणारी खिडकी. मुलगा कुरकुरतच तयार झाला होता. "सामान तुझं आहेच, म्हणून हो म्हणतोय. तिकडे गेल्यावर हे आण, ते आण, नको." मामानं दोन दिवस रजा टाकली आणि तिथे रंग द्यायला गेला.

"भिंत रंगवतोयस की तिला कांजिण्या काढतोयस?" ताई खिडकीशी उभी राहून म्हणाली. "आणि कपाट इथे. सकाळचं ऊन त्याच्या दारावर पडायला हवं."

कित्येक दिवसांनी ती त्याची चेष्टा करत होती. मामा रंगाचे ठिपके अंगावर घेऊन हसत राहिला.

रजा संपली त्या सकाळी तो लवकर गोदामात पोहोचला. टेम्पो घेऊन ताई दुपारी येणार होती, त्याआधी सामान बांधून ठेवायचं होतं.

"मामा, कालची मजा हुकली तुमची," वॉचमन म्हणाला. "आग विझवायच्या नळाचा सांधा सुटला वर. धो धो पाणी. व्हॉल्व्ह कुठला ते मला सापडेपर्यंत बोळाची नदी झाली होती."

"मला फोन का नाही केला?"

"कशाला? अर्ध्या तासात सगळं गटारात गेलं. आम्ही प्रत्येक शटरखाली बघितलं, एकातूनही पाणी येत नव्हतं."

तेवढ्यात मालक आले. रात्री गिऱ्हाइकांना बोलावून ओळीनं खोल्या उघडून पाहिल्या होत्या. फळ्यांमुळे खालून काही भिजलं नव्हतं, प्लास्टिकमुळे वरून नाही. "शाबास मामा. एकाचंही नुकसान नाही. तुमच्या बहिणीची खोली तेवढी राहिली, किल्ली तुमच्याकडे ना. पण तुमचीच ती, तिला काय होतंय?"

मामा वर बघत होता. छताच्या नळाला नवा सांधा बसवला होता. तो कुणाच्या खोलीवर आहे हे बघायला त्याला मान खाली करावी लागली नाही.

शटर वर गेलं. उंबऱ्याच्या काठापर्यंत पाणी निश्चल उभं होतं. शेजारच्या खोल्यांवरही तेच पाणी कोसळलं होतं आणि उतारावरून निघून गेलं होतं. इथे ते रात्रभर थांबलं होतं. गादी तळापासून फुगली होती. खोकी बसली होती. कपाट चार बोटांच्या फळ्यांवर उभं, आणि पाणी वीतभर.

वॉचमन काहीतरी बोलायला गेला. मालकांनी त्याचा दंड धरला.

मामानं घण आणला आणि उंबरा फोडायला घेतला. सिमेंट त्यानं चांगलं घातलं होतं, लवकर फुटेना. फुटला तेव्हा पाणी बोळातून गटाराकडे गेलं, इंजिनिअरनं काढून दिलेल्या वाटेनं.

ताई आली तेव्हा तो कपाटाच्या दाराला दोन्ही हातांनी ओढत होता. दार हलत नव्हतं. लाकूड फुगून एकमेकांत रुतलं होतं, खालची खाच उलून आली होती.

"नळ फुटला," तो म्हणाला.

ताईनं शेजारच्या खोलीकडे पाहिलं. तिथलं सामान कोरडं होतं. मग पायाशी पडलेले सिमेंटचे तुकडे पाहिले. ती सुताराची बायको होती, तिला फार समजावावं लागलं नाही.

"हा उंबरा कुणी घातला होता?"

"मी."

"बाकीच्यांना नाही घातलास?"

"नाही. तुलाच."

टेम्पोवाला बोळाच्या तोंडाशी येऊन डोकावून गेला.

"ताई, पटाशीनं दार काढतो. आतलं आत्ताच बाहेर काढलं तर वाचेल. नाहीतर गोधड्या कुजतील. फोटो..."

"त्यांच्या कामाला पटाशी लावतोस?"

"अगं, पण फोटो."

"राहू दे. फुगलेल्या लाकडाला घाई करायची नाही, म्हणायचे. सावलीत वाळलं की आपोआप सुटतं."

"त्याला महिने लागतात."

"माहीत आहे."

ती ओल्या स्टुलावर बसली. साडीचा काठ चिखलात गेला, तिनं उचलला नाही.

"ताई, खोली तर आहे. मी नवी गादी घेतो. दोन भांडी घेतो. तू चल तर."

"आणि त्या कोऱ्या भिंतींशी काय बोलू? मुलानं हो म्हटलं ते या सामानावर. आता मी हट्ट केला तर तो म्हणेल, आईला आमच्याकडे काय काटे टोचतात?" तिचा आवाज चढला नव्हता. ती हिशेब मिटवल्यासारखी बोलत होती. "टेम्पोवाल्याला परत पाठव. आणि त्या खोलीवाल्या बाईंना तू फोन कर, बाळ्या. मला नाही जमायचं."

"मी?"

"तूच."

मामा बोळात आला. मालक अजून तिथेच होते, ते निमूट ऑफिसात गेले. फोन लगेच उचलला गेला.

"आलात का सामान घेऊन?" खोलीवाल्या बाई म्हणाल्या. "मी आज खिडक्या उघड्याच ठेवल्यात. रंगाचा वास जायला हवा ना."

"नाही हो. आम्ही येत नाही."

"आज नाही का? उद्या चालेल."

"उद्याही नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्या."

"अहो, पण झालं काय? काल तर ताई किती खुशीत होत्या."

मामानं मागे वळून पाहिलं. ताई पदरानं कपाटाची खालची फळी टिपत होती, पदर पिळत होती, पुन्हा टिपत होती.

"माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला, आणि बाई पुढे काय विचारत होत्या ते ऐकत तसाच उभा राहिला.