चिखलानं भरलेली घंटा

त्या माहुताचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण आमचं बोलणं म्हणजे भांडणच असायचं. निजामाचं राज्य होतं. केदारखेड्याकडच्या आमच्या जहागीरदाराच्या हत्तिणीनं साखळीला उभं राहून राहून खाणं टाकलं, तेव्हा त्यानं हा माणूस दूरच्या जंगलातून आणवला. रोज सकाळी तो तिची लीद फोडून हुंगायचा आणि मगच स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडायचा.

संध्याकाळी तो तिला रानात मोकळी सोडी. गळ्यात घंटा, पायात फरफटणारी लांब साखळी. उजाडलं की साखळीच्या रेघेवरून माग काढत जाई आणि तिला घेऊन येई. रानाला लागून माझी ज्वारी होती, त्यामुळे माझा सगळा जीव त्या घंटेत.

एकदा घंटा वाजलीच नाही. सकाळी जाऊन पाहतो, तर ज्वारीचा पट्टा आडवा आणि मधोमध हत्तीण! मी माहुताला शिव्या हासडल्या. त्यानं घंटा चाचपली. आत चिखल ठासला होता.

"ह्यो कुणी भरला?"

"तिनंच, पाटील, सोंडेनं. आमच्या जंगलातले हत्ती चोरीला निघाले की असंच करतेत." त्याचे डोळे भरून आले होते. "मी आल्तो तवा तोंडातला घास गिळत न्हवती. आता चोरी करून राह्यली. जगती बघा, बिलकुल जगती!"

ज्वारीचं पडलेलं एक ताट उचलून मी तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं नाही. शेजारचं उभं ताट स्वतः उपटलं.