लोरेटाच्या खाडीतलं गवत

धुकं उतरलं की फिलोमीनला वाटे, समुद्र आपल्यासाठीच पांघरूण घालतोय. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर तिचा सारा जन्म गेला. तिथल्या मूळनिवासी मिकमॉ जमातीची ही म्हातारी टोपल्या विणायची आणि त्यांच्या काठाला लागणारं सुगंधी गवत खाडीतून आणायची. ते वाळलं की घर घमघमायचं, आणि फिलोमीन दुपारभर जागेपणीच स्वप्नात असायची.

यंदा तिच्या खाडीवर कुणा उन्हाळी पाहुण्याचा बंगला उठला. पाठोपाठ कुंपण आलं, कॅमेरा आला. गवत बंद, म्हणजे टोपल्या बंद. टोपल्यांवाचून फिलोमीन म्हणजे नुसती कुरकुर, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

राहिली एकच खाडी, लोरेटाची. लोरेटा पलीकडच्या नदीवरल्या शेजारी जमातीची. आणि फिलोमीनच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवण्याआधी आपण कोण, कुणाचे, ते सांगायचं. सगळं सांगायचं. इथेच घोडं अडलं. चारशे वर्षांपूर्वी मिकमॉंच्या होड्या धुक्यातून त्या नदीत शिरल्या होत्या आणि गावं जाळून गेल्या होत्या. गोऱ्यांनी काय काय लुटलं ते फिलोमीन नातवंडांना घडाघडा सांगे. हे मात्र आजीने तिच्या कानात सांगितलं होतं, आणि ते तिने कुणापाशी काढलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी नातीने तिला गाडीतून लोरेटाच्या खाडीपाशी सोडलं. धुक्यात लोरेटा गुडघ्यांवर बसून एकेक पातं उपटत होती.

“मी फिलोमीन. मिकमॉ.” तिने काठावरूनच सांगितलं. “तुमची गावं आमच्या माणसांनी जाळली. मला गवत हवंय.”

लोरेटाने मान वर केली नाही. “ठाऊक आहे. मग आम्ही आलो, ऐन थंडीत. तुमचे सुकवलेले मासे जाळले. तुमची पोरं उपाशी मेली. हे सांगितलं नसेल तुला कुणी.”

नव्हतंच सांगितलं. फिलोमीनच्या अंगाचा तिळपापड झाला. गवत गेलं खड्ड्यात, आल्या पावली परत जावं असं तिला वाटलं.

“तुला कुणी सांगितलं?” तिने दरडावून विचारलं.

“आजीने. कानात.”

 फिलोमीन तिथेच चिखलात बसली आणि त्या पोरांसाठी रडली. लोरेटाने तिला रडू दिलं. मग आपली गवताची पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि फिलोमीनला गवतापाशी जागा होईल एवढी सरकली.