सतरा दिवसांची पूजा

माझ्या नवऱ्यानं लिंगपूजेआधी चहाचा घोट घेतलेला अडतीस वर्षांत मी पाहिला नाही. आंघोळ झाली की कपाळावर विभूती ओढून ते देवघरापुढं बसत, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडं एकटक बघत राहत. "माझ्याकडं कधी एवढं एकटक बघितलं न्हाय," असं मी चेष्टेनं म्हणायची. ते हसायचे, पण पूजा आटोपल्यावर.

लिंग माझ्याही गळ्यात आहे. आम्हा लिंगायतांत बायकाही बांधतात. माझी पूजा मात्र कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये उरकायची. त्याबाबतीत सासूबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, आपलं लिंग दुसऱ्याच्या हाताला लागू द्यायचं नाही. बाकी त्यांनी मला बरीच सूट दिली.

गेल्या दिवाळीनंतर माकणीतल्या आमच्या किराणा दुकानाच्या पायरीवर यांना लकव्याचा झटका आला आणि ते पडले. डावी बाजू लुळी पडली, वर डावा खुबाही मोडला. सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेताना नर्सनं गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातावर ठेवलं, चष्मा आणि घड्याळाबरोबर. "सांभाळा," म्हणाली. आपण काय दिलं ते तिला बिचारीला कुठून कळणार? नंतरही गळ्यात काही ठेवू देत नव्हते.

मी ते पदराच्या गाठीत बांधलं. सकाळ झाली तशी मला धडकी भरली. या माणसानं एक दिवस चुकवला नाही, आणि नेमकं आता चुकलं तर? व्हरांड्याच्या टोकाला एक बेसिन होतं, तोंड धुणाऱ्यांची ही मोठी रांग. माझा नंबर आल्यावर मी त्यांचं लिंग माझ्या तळहातावर घेतलं. दोन थेंब पाणी, चिमूटभर विभूती, डोळे मिटले. मागची बाई ओरडली, "ओ मावशी, उरका की!" रोज तेवढाच वेळ मिळायचा, एका पूजेपुरता. घरी सोडेपर्यंत सतरा दिवस मी ते केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर लिंग त्यांच्या गळ्यात परत बांधलं. पण डाव्या हाताची मूठ अशी वळली होती की तळहात उघडेना. उजव्या हातावर घ्या, मी हात खालून धरते, म्हटलं. ते म्हणाले, "ब्याड." त्यांची आई आळंदकडची, कानडी बोलणारी. झटक्यानंतर 'नको' म्हणायला त्यांच्या तोंडी आईचाच शब्द आला. चहा घेता का? ब्याड. खिडकी उघडू का? ब्याड. शेजारी बसू का, तर तेही ब्याड.

पहिला आठवडा माणसं भेटायला आली. बिस्किटांचे पुडे आणायची, त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून "लई वाईट झालं बघा" म्हणायची. मी आत चहा टाकायची. जाताना दारात मला सांगायची, "त्यांच्याकडं नीट बघा." एवढं सांगून चप्पल घालायची. मग तीही आटली. लेकाचा पुण्याहून रोज फोन यायचा, "आई, अप्पा जेवले का?" मी जेवले म्हणायची. दुकान बंद, गिऱ्हाईक नाही. खाटेवर माणूस असून घर रिकामं वाटायचं. मी फार एकटी पडले होते. मनातलं सांगायची सवय ज्यांना, तेच भिंतीकडं तोंड करून पडलेले.

दिवसभरात चार चमचे पोटात जात. ऑपरेशनची जखम भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अन्न गेलं नाही तर जखम भरणार नाही, आणि हे पुन्हा पायावर उभे राहायचे नाहीत. मी विनवलं, रागावले, लेकाची शपथ घातली. शेवटी एका दुपारी एकेक शब्द जुळवत त्यांनी कारण सांगितलं.

"लिंग उपाशी हाय. मी कसं खाऊ?"

दवाखान्यातले दिवसही त्यांनी त्यातच धरले होते, बोटावर मोजून दाखवले. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या हातची पूजा त्यांना उपासापेक्षा वाईट वाटली तर? आता चार चमचे तरी खातात, तेही बंद होतील.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी ज्वारीच्या कण्या करून भरवायला बसले. चमचा दातांवर आपटला. त्यांनी उजव्या हाताचा फटका दिला आणि वाटी माझ्या मांडीवर उलटली. कण्या चांगल्या कढत होत्या. माझा तोल सुटला.

"उपाशी, उपाशी! कुठं उपाशी होतं? सोलापुरात रोज पूजा केली मी. ह्या माझ्या हातावर, बेसिनपाशी उभं राहून, लोकांची बोलणी खात. आता करा काय करायचं ते!"

त्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिले. आधी माझ्या हाताकडं, मग माझ्या गळ्याकडं.

"आन् तुझी?"

"माझी काय?"

"पूजा."

बेसिनपाशी वेळ एकाच पूजेपुरता होता. घरी आल्यावर त्यांचं लिंग तसंच राहिलेलं असताना त्यांच्यासमोर माझी करायची मला लाज वाटे. म्हणून माझी राहिली ती राहिलीच. हे कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे त्या सगळ्या दिवसांत मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. मांडीवरच्या कण्या पुसता पुसता मी हमसून रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग अडखळत म्हणाले, "आधी तुझी कर. मग माझी. तू खालून धर. मग खातो."

मी लुगडं बदललं, हातपाय धुतले, गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घेतलं. आज मागं रांग नव्हती, कुकरही नव्हता. डोळे उघडले तेव्हा ते उपाशीपोटी माझ्याकडं बघत थांबले होते. कण्या परत शिजवाव्या लागल्या.