शेवट न सांगणारे गृहस्थ

नवीन पनवेलच्या सलूनमध्ये दर रविवारी माझा नंबर त्या गृहस्थांच्या मागेच लागायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मोहिमेवर म्हणून ते कर्नाळ्याच्या पलीकडे गेले असतील असं वाटत नाही, पण जगातली सगळी युद्धं त्यांनी सोफ्यावर बसून लढली होती. खुर्चीत बसले की पांढऱ्या कापडाखालून एक बोट बाहेर यायचं आणि त्या आठवड्याचा जुना युद्धपट जाहीर व्हायचा.

"ब्लॅक अँड व्हाइटच बघा," ते बजावायचे. "रक्त काळं दिसतं. जेवताना त्रास होत नाही."

शेवट मात्र ते कोणालाच सांगत नसत. विचारलं तर शत्रूच्या हाती सापडल्यासारखे ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

गेल्या रविवारी सलूनवाल्या दादांनी सगळ्यांना पेढे दिले. त्यांचा मुलगा सैन्यात भरती झाला होता. गृहस्थ भलतेच खूश झाले आणि त्यांनी लगेच एक सिनेमा सुचवला. "जाण्याआधी त्याला हा दाखवाच. त्यातला शिपाई पण असाच, गावातला, कोवळा पोरगा."

दादांचा वस्तरा त्यांच्या गालावर थांबला. "शेवटाला तो घरी येतो का नाय?"

तो सिनेमा गृहस्थांच्याच सांगण्यावरून मी पाहिला होता. आरशात आमची नजरानजर झाली.

"येतो की," गृहस्थ म्हणाले. "आई दारातच उभी असते."

दादांनी मान डोलावली आणि वस्तरा पुन्हा चालू लागला. आई दारात उभी असते, एवढं खरं होतं.