भैरोबाचा उजवा खांदा

"आदी इचारू," असं म्हणून गुरवबाबा हाताचा पंजा पुढे धरायचे, रस्त्यात कुणी बैलगाडी थांबवावी तसा. त्यानंतर बोलायची कुणाची टाप नसे. विचारायचं अर्थात भैरोबाला. म्हैस विकायची असो, पोरीचं स्थळ बघायचं असो, नाहीतर वाडीत उपटलेल्या पाच आगाऊ पोरांनी तंबू कुठे ठोकावा हा प्रश्न असो.

ती पाच आगाऊ पोरं म्हणजे आम्ही. भोर संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती आणि आम्ही पुण्याच्या कॉलेजात नुकतेच मिशा कोरायला लागलो होतो. नाताळच्या सुट्टीत तोरणा चढायचं ठरलं. वेल्ह्याच्या बाजूला, गडाच्या पायथ्याशी एक वाडी आणि तिथलं भैरोबाचं देऊळ, हा आमचा तळ. एस.टी.नं जिथवर आणलं तिथून पुढे पायपीट. पाठीवर भांडी, स्टोव्ह, तांदूळ आणि कॉलेजातून हातापाया पडून आणलेला तंबू. देवळापाशी पोचलो तेव्हा आमची तोंडं बघून कुणालाही वाटलं असतं, की ही पोरं गड चढून उतरलीसुद्धा.

गुरवबाबा पायरीवर वाती वळत बसले होते. अंगात बंडी, डोक्याला मळकं मुंडासं, डावा पाय लांब पसरलेला. आमचा म्होरक्या दिगू पुढे झाला आणि व्याख्यान दिल्यासारखं बोलला, "बाबा, आम्ही इथे तंबू ठोकणार आहोत."

पंजा पुढे आला. "आदी इचारू."

भैरोबा म्हणजे कमरेएवढा शेंदूर फासलेला दगड. त्याला दोन खांदे होते, निदान गावाला ते दिसत. बाबा कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायचे आणि एकेका खांद्यावर अंगठ्यानं दाबून चिकटवायचे. याला ते कळे लावणं म्हणत. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मग सगळ्यांनी हात जोडून कळीकडे बघत बसायचं. पिंपळाखालची जागा भैरोबानं नाकारली. विहिरीजवळची नाकारली. दिगूची चुळबूळ सुरू झाली.

"बाबा, भैरोबाला तंबूतलं काय कळतं?"

"न्हाई कळत," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हनून तर उगं घाई करत न्हाई."

तिसऱ्या जागेला होकार मिळाला. आम्ही घाम गाळून तंबू उभा केला आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशी तो दिगूच्या अंगावर बसला. आतून त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. बाबा पायरीवरून उठलेसुद्धा नाहीत. "जागा बरूबर हाय म्हनला भैरोबा," ते म्हणाले. "तंबू बरूबर हाय आसं न्हाई म्हनला."

आम्ही मुकाट्यानं देवळाच्या सभामंडपात पथाऱ्या टाकल्या.

तेवढ्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे बाबांच्या घरच्या. बुटक्या, चपळ, आणि बोलण्यात बाबांच्या दुप्पट वेग. आमच्या स्टोव्हवरच्या खिचडीचा करपट वास त्यांच्या घरापर्यंत गेला असावा. त्यांनी पातेल्यात एकदा डोकावून पाहिलं आणि "आगं बया," एवढंच म्हणून त्या परत गेल्या. थोड्या वेळानं टोपलीभर भात आणि कुळथाचं पिठलं आलं. हे मात्र भैरोबाला विचारावं लागलं नाही.

जेवताना कळलं ते असं. गडावर देवीचं देऊळ आहे. तिथे दर मंगळवारी दिवा लावायचा, हे बाबांच्या घराण्याकडे होतं. संस्थान गेलं, दिवा बाबांकडेच राहिला. पण गेल्या पावसाळ्यात वरच्या कातळावर त्यांचा पाय घसरला. गुडघा निखळला आणि ते तिथेच पडून राहिले. पाऊस एवढा की हाक खाली पोचेना. गुराख्याला सापडले ते दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून ते वर गेले नव्हते आणि देवीपुढे अंधार होता.

"उद्या जातो या पोरांसंगं," बाबा म्हणाले. म्हणताना त्यांनी मावशींकडे बघायचं टाळलं. "हात द्याला पाच जन हायेत. पुन्हा कवा मिळायचे?"

"गुडघा बघा आदी आपला."

"गुडघ्याचं काय इचारती? देवी हाय वर. मरायच्या आदी एकडाव दिवा लावू दे मला."

मावशींचा हात भाताच्या टोपलीवर तसाच राहिला. मग म्हणाल्या, "मंग इचारा भैरोबाला. समद्यांचं इचारता, आपलं बी इचारा."

"इचारतो की. सांजच्याला इचारतो."

गंमत वाटली मला. आम्ही मात्र मनोमन बाबांच्या बाजूचे. दिगू तर त्यांना पाठुंगळीला घेऊन जायला तयार होता; स्वतःचं ओझं त्यानं वाटेत दोनदा मला दिलं होतं, ही गोष्ट वेगळी.

दुपारी बाबा माझ्याशी बोलत बसले. मी खवचटपणे विचारलं, "बाबा, कळी आपल्याला हवी तशी पाडता येत असेल, नाही? जरा जास्त पाणी, जरा कमी दाब..."

ते रागावतील असं वाटलं होतं. पण हसले. "येती की. माजा बाप म्हनायचा, ज्याला पाडता येती त्यानंच न पाडायची. एकडाव पाटलानं सांगितलं, बाबा, उजवी पाड, बांधाचं भांडान हाय. म्या म्हनलं, पाटील, तुमी लावा कळे, म्या पाटीलकी बघतो." मग बराच वेळ ते आपल्याच विनोदावर खूश होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चार माणसांत ती भोळी दिसतात, आणि एका बाबतीत मात्र त्यांना कुणी तसूभर हलवू शकत नाही.

तिकडे गाभाऱ्यात मावशी देव धूत होत्या. खालच्या देवळाचं सारवण, देवाची आंघोळ, शेंदूर, सगळं त्यांच्याकडे. बाबा वर गडावर गेले की खाली भैरोबाजवळ त्यांनी थांबायचं, दोन्ही देव एकदम सोडायचे नाहीत, अशी त्या घरातली रीत. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून त्या गडावर एकदाही गेल्या नव्हत्या.

संध्याकाळी कळे लागले. समई धरायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी बाबांच्या अगदी खांद्याशी उभा होतो. मावशी उंबऱ्यात. दिगू आणि बाकीचे मागे हात जोडून, आणि या वेळी खरोखरच मनापासून. बाबांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "उद्याच्याला वर जाऊ का, देवा? खरं काय ते सांग." डावी कळी लावली. मग उजव्या खांद्यावर अंगठा टेकवला आणि तो तिथे थबकला.

समईच्या उजेडात मला दिसलं. शेंदरावर पांढरं काहीतरी सारवलेलं होतं. भाताची शितं चिरडून लावली होती, खळीसारखी. त्यावर लावलेली कळी सकाळपर्यंतसुद्धा पडली नसती.

बाबांना ते पुसता आलं असतं. बोट फिरवायचाच अवकाश होता. त्यांनी मागे वळून उंबऱ्याकडे पाहिलं नाही. क्षणभर थांबले आणि कळी नेमकी तिथेच दाबून लावली.

थोड्या वेळानं डावी कळी खाली पडली.

"न्हाई म्हनतोय भैरोबा," बाबा म्हणाले. मागे दिगूनं मोठा उसासा टाकला. मावशी घराकडे गेल्या.

सगळे पांगल्यावर बाबा धोतराच्या सोग्याला अंगठा पुसत होते. मला राहवेना. "बाबा, ते उजवीकडे..."

"दिसलं व्हय तुमाला? मंग गप ऱ्हावा."

"पण तुम्ही तर कुणाचं ऐकत नाही. पाटलाचंसुद्धा!"

ते पायरीवर बसले, पाय लांब केला. "आवं, ती देवाला लई भिती. कळ्याचं फूल पायाखाली आलं तर तीन डाव नाक घासती. तिनं देवाच्या अंगाला शितं लावली. मंग माज्यापायी किती भ्याली आसंल, बघा की." जरा वेळानं ते म्हणाले, "ती रात मी कातळावर काडली. पन तिनं हितं काडली. माजं काय, मी निजून व्हतो."

खरं सांगतो, त्या वयात प्रेम म्हणजे काय याबद्दल आमच्या कल्पना फार वेगळ्या होत्या. त्यात पिठलं, गुडघा आणि भाताची शितं कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. वाती, तेल, काड्याची पेटी बाबांनी माझ्याकडे दिली. दिवा लावला. खाली उतरलो तर ते वाटेवरच उभे. "लागला?" "लागला बाबा." त्यांनी तिथूनच गडाला हात जोडले. पुढे प्रत्येक हिवाळ्यात आमच्यापैकी कुणी ना कुणी जाऊन दिवा लावून येत असे. त्यांनी मात्र भैरोबाला पुन्हा वर जायचं विचारलं नाही.

मग नोकऱ्या लागल्या आणि आमचं जाणं तुटलं. काही वर्षांनी मी एकटाच गेलो, तर पायरीवर बाबा नव्हते. त्या उन्हाळ्यातच गेले होते. खालचं देऊळ पुतण्या बघत होता. मावशी वाळल्या होत्या, पण चपळाई तीच. मी वर निघालो म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. "मला बी न्या. आता हितं माजं कोन आडलंय?"

मी त्यांना हात देत होतो, तो त्यांनी एकदाही घेतला नाही. ज्या कातळावर बाबा पडले होते तो मी दाखवला, तिथे त्या थांबल्या, दगडावरून हात फिरवला आणि पुढे चालू लागल्या. देवीपुढे दिवा त्यांनीच लावला. मग तटाशी आल्या आणि खाली वाकून बघू लागल्या.

"ते आमचं घर का वो?"

"हो मावशी. ते बघा देऊळ, त्याच्या शेजारचं."

"आंगन बी दिसतंय की! चूल पेटली तर धूर बी दिसत आसंल." त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्या कायम भांडायची त्यांच्याशी. म्हनायची, दिवा लावाया गेला, मंग तिनीसांजा हुस्तवर वर काय करत बसता? तर म्हनायचे, काय न्हाई. बसलो व्हतो."

ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हणालो, "मावशी, निघायचं का?"

"तुमी व्हा फुडं," त्या म्हणाल्या आणि तटाला टेकून खाली बसल्या. "म्या बसते जरा."